पहिले ४० किलोमीटर: खानदेशात एन्ड्युरन्स रायडिंग सुरू करणाऱ्यांसाठी

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. त्यानंतर महिना-दोन महिने नंदुरबार, धुळे, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतून एकच प्रश्न कानावर येतो: घोडा तर घेतला, आता याच्यासोबत करायचं काय? बहुतेकांचा घोडा वरातीत नाचतो, नाहीतर दावणीला उभा राहून सुटत जातो. आपल्याकडे तापीकाठच्या गाडवाटा आहेत, पाटचाऱ्यांच्या कडेचे मोकळे रस्ते आहेत, सातपुड्याचा पायथा आहे. लांब पल्ल्याच्या रायडिंगला, म्हणजे एन्ड्युरन्सला, लागणारी जमीन आपल्या दारात आहे. फक्त या खेळात शिरायचं कसं, हे मराठीत नीट सांगणारं फार कमी सापडतं. मी या वाटेने गेलो आहे आणि नव्या माणसाची गाडी कुठे अडते ते मला माहीत आहे, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

घोड्यावर कधीच न बसलेल्या माणसालाही हे वाचून सुरुवात करता येईल. घाई असणाऱ्याला मात्र हा खेळ मानवणार नाही. आज शून्यापासून सुरुवात केली तर पहिली ४० किलोमीटरची राईड वर्षभराने येईल असं धरून चाला.

१. आधी खेळ समजून घ्या

एन्ड्युरन्स म्हणजे ठरलेला लांब पल्ला एकाच घोड्यावर पूर्ण करायचा, आणि शेवटी घोडा तंदुरुस्त असल्याचं डॉक्टरकडून सिद्ध करून घ्यायचं. नवशिक्यांचा पल्ला ४० किलोमीटरचा. पुढे ६०, ८०, १२० आणि सगळ्यात मोठा १६० किलोमीटरचा. आधुनिक रूपातला हा खेळ १९५५ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात सुरू झाला. वेंडेल रोबी आणि त्यांच्या सोबत्यांनी डोंगरातून १०० मैल एका दिवसात घोड्यावरून पार केले. ती राईड आज टेव्हिस कप म्हणून ओळखली जाते. १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने, म्हणजे एफईआयने, एन्ड्युरन्सला आपल्या खेळांत जागा दिली. आपल्या देशात हा खेळ इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडिया, म्हणजे ईएफआय, पाहते.

पल्ला टप्प्यांत विभागलेला असतो. त्याला लूप म्हणतात. ४० किलोमीटरची राईड बहुधा २०-२० च्या दोन लूपमध्ये होते. प्रत्येक लूपनंतर घोडा पशुवैद्यकासमोर उभा करायचा. या जागेला व्हेट गेट म्हणतात. तिथे नाडी मोजतात, हिरड्यांचा रंग बघतात, कातडी चिमटीत धरून पाण्याची कमतरता तपासतात, पोटाचे आवाज ऐकतात आणि घोड्याला हातात धरून सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवायला लावतात. कुठेही लंगड दिसली की घोडा बाद. एफईआयच्या नियमांत नाडी मिनिटाला ६४ च्या आत यावी लागते. त्यासाठी मधल्या टप्प्यांत १५ मिनिटं मिळतात आणि शेवटच्या टप्प्यानंतर २० मिनिटं. देशातल्या छोट्या राईडमध्ये आकडे थोडे वेगळे असू शकतात, म्हणून त्या राईडचं नियमपत्रक आधी वाचा.

नवीन माणूस हमखास चुकतो ती गोष्ट अशी: मधल्या लूपमध्ये तुम्ही रेघ ओलांडली म्हणून घड्याळ थांबत नाही. घोडा डॉक्टरसमोर उभा केला आणि नाडी मर्यादेत आली की मग थांबतं. म्हणजे शेवटचे दोन किलोमीटर सुसाट आलात आणि नाडी उतरायला बारा मिनिटं लागली, तर पाठीमागून शांतपणे आलेला माणूस तुमच्या आधी विश्रांतीला लागलेला असतो. सारंगखेड्याच्या रेसमध्ये घोडा बघितलेल्या आपल्या पोरांना हे पचायला वेळ लागतो. इथे पंच म्हणजे डॉक्टर, आणि त्याला तुमचा वेग दिसत नाही, घोड्याची अवस्था दिसते.

२. स्वतःची मांड पक्की करा

घोडा घेण्याआधी सहा महिने दुसऱ्याच्या घोड्यावर शिका. आपल्याकडे घोडेवाले भरपूर आहेत, पण त्यातले बरेचसे नाचकामाचे किंवा रेवाळ चालीचे जाणकार. रेवाळ चालीत माणूस गादीवर बसल्यासारखा बसून राहतो. एन्ड्युरन्समध्ये निम्म्याहून जास्त पल्ला दुडकीत जातो, आणि त्या चालीत दर दुसऱ्या पावलाला रिकिबीवर उठून बसायचं असतं. याला रायझिंग ट्रॉट म्हणतात. हे जमलं नाही तर दहा किलोमीटरमध्ये तुमचे गुडघे जातात आणि घोड्याची पाठ जाते. घोडदळातून, लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमधून किंवा पोलिसांच्या अश्वपथकातून निवृत्त झालेला कोणी तुमच्या तालुक्यात असेल तर त्याला गाठा. ही माणसं शिस्तीत शिकवतात.

तीन गोष्टी आल्याशिवाय पुढे जाऊ नका. लगाम न ओढता तोल राखून अर्धा तास दुडकी, चढ-उतारावर पुढे-मागे वजन नेणं, आणि घोडा बिचकला तर घाबरून तोंड न खेचणं. हेल्मेट पहिल्या दिवसापासून. फेट्यावर किंवा टोपीवर घोडा चालवणारे आपल्याकडे खूप आहेत. त्यांच्याकडून घोड्याबद्दल जे शिकायचं ते जरूर शिका, पण डोकं झाकूनच बसा.

३. घोडा निवडणं: बाजारात काय बघायचं, काय सोडायचं

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त मन इथेच वाया जातं.

सारंगखेड्यात घोड्याची किंमत ठरते उंचीवर, रंगावर, कानांच्या वळणावर, भोवऱ्यांवर आणि नाचावर. उंची इंचात सांगतात आणि एकेका इंचाला भाव चढतो. एन्ड्युरन्सला यातलं जवळजवळ काहीच कामाचं नाही. जगभर या खेळात वर असणारे अरबी घोडे मुळात मध्यम उंचीचेच असतात. आपल्याकडचे मारवाडी, काठियावाडी, सिंधी हे कोरड्या, उष्ण मुलखातले काटक घोडे आहेत. भीमथडी तट्टूही आता राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदलं आहे, आणि लहान चणीच्या माणसाने त्याकडे जरूर बघावं. जात कोणतीही असो, बघायचं ते असं.

खूर आणि पाय आधी. चारही खूर आकाराने सारखे, टाच पसरट, भेगा नाहीत. गुडघ्याखालचा पाय सरळ, पायामागची नस, म्हणजे कंडरा, हाताला दोरीसारखी घट्ट लागली पाहिजे. ती कुठे गरम किंवा सुजलेली नको. मग पाठ: हात फिरवा, दाबा. घोडा पाठ खाली सोडतोय किंवा कान मागे टाकतोय का बघा. पांढऱ्या केसांचे चट्टे म्हणजे खोगिराचे जुने घाव.

मग चाल. मालकाला म्हणा, घोडा कडक जमिनीवर, ढिल्या दोरीने, सरळ पळवून दाखव. ढोल बंद. बाजारात घोडा कायम ढोलावर आणि आखडलेल्या लगामावर दाखवतात. त्या उड्यांमध्ये लंगड लपते. पुढच्या पायाची लंगड असेल तर दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं. हे एकदा ओळखायला शिकलात की फसणार नाही. सकाळी एकदा बघा, दुपारनंतर परत बघा. वेदनाशामक टोचून उभा केलेला घोडा सकाळी ठणठणीत असतो आणि संध्याकाळी पाय उचलतो.

वय दातांवरून बघतात. पाच वर्षांच्या सुमाराला पुढचे दुधाचे दात बदलून पूर्ण होतात. त्याआधीच्या घोड्यावर लांब पल्ल्याचं वजन टाकू नका. पाठीच्या कण्याची वाढ त्यानंतरही काही महिने चालू असते. दोन-अडीच वर्षांचं शिंगरू उंच दिसतं म्हणून त्यावर मोठा माणूस बसवायची आपल्याकडची सवय फार वाईट आहे. आठ-दहा वर्षांचा शांत घोडा पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी सगळ्यात चांगला. घोडी असेल तर आणखी बरं. व्हेट गेटवर पंचवीस घोडे जवळजवळ उभे असताना तापट नर सांभाळणं नव्या माणसाचं काम नाही.

तुमचं वजन आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं. आपल्याकडचा सरासरी मारवाडी घोडा ३५०-४०० किलोचा धरला तर ७०-८० किलो ही शेवटची हद्द. तुम्ही भारी असाल तर रुंद पाठीचा, जाड हाडाचा घोडा शोधा.

पैसे देण्याआधी रक्ततपासणी. दोन रोगांची नावं लक्षात ठेवा. पहिला ग्लँडर्स. हा माणसालाही होतो, त्यावर इलाज नाही, आणि तपासणीत घोडा बाधित निघाला तर कायद्याने त्याला मारावं लागतं. नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवता येतो. या कामाची देशातली मुख्य संस्था हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. दुसरा सर्रा. तो गोमाशीसारख्या चावणाऱ्या माश्यांमुळे पसरतो. ताप येतो-जातो, घोडा वाळत जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते. बाजारात चमकदार दिसणारा घोडा महिन्याभरात हाडं दाखवायला लागला तर आधी सर्रा तपासा.

आणखी एक. नाचकाम शिकवलेला घोडा घेतलात तर त्याला माणसाशेजारी सरळ दुडकीत पळायला नव्याने शिकवावं लागेल. डॉक्टरसमोर तो नाचायला लागला किंवा रेवाळीत गेला तर चाल तपासता येत नाही. घरी रोज पन्नास पावलं हातात धरून पळवा, महिन्याभरात जमतं. आणि त्याच्या तोंडात काटेरी लगाम असेल तर त्याच दिवशी काढून फेका. १९६५ च्या नियमांनुसार काटेरी लगाम बेकायदेशीर आहे, आणि त्या तोंडाला साधा, जोडाचा लगाम मानवायला तुम्हाला वेळ द्यावा लागेल.

४. दाणा, वैरण आणि पाणी

आपल्या घरात गाई-म्हशी असतात, म्हणून घोड्यालाही त्याच गव्हाणीतून घालायची सवय असते. ही सवय घोड्याच्या जिवावर बेतू शकते. घोडा रवंथ करत नाही आणि त्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं चुकीचं अन्न परत येत नाही.

गाईंचा तयार खुराक घोड्याला कधीच नको. काही पशुखाद्यात आणि कोंबडीखाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं. घोड्याच्या हृदयाला ते अगदी थोड्या मात्रेतही घातक आहे. सरकी पेंडही टाळा. कापूस आपल्याकडे मुबलक असला तरी पेंडीतलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य घोड्याला देण्यात काहीच फायदा नाही. मका द्यायचा तर स्वच्छ, कोरडा. बुरशी आलेल्या मक्यातलं विष घोड्याच्या मेंदूवर जातं आणि त्यातून घोडा वाचत नाही. हिरव्या ज्वारीच्या शेतात चरायला सोडू नका. कोवळ्या ज्वारीत विष असतंच, शिवाय ज्वारीवर सतत चरणाऱ्या घोड्याला लघवीचा आणि मागच्या पायांचा आजार होतो.

मग द्यायचं काय? पाया वैरणीचा. घोड्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण रोज, म्हणजे ३५० किलोच्या घोड्याला साधारण सव्वापाच ते सात किलो. सातपुड्याकडून येणारं मारवेल, पवन्या असलं डोंगरी गवत सोन्यासारखं. कडबा द्यायचा तर कुट्टी करून आणि भरपूर पाण्यासोबत. जाड धांडं आणि कमी पाणी या जोडीने हिवाळ्यात पोट बांधतं. लसूणघास थोडा. चंदीला, म्हणजे रोजच्या दाण्याला, जव, भिजवलेला हरभरा, थोडा कोंडा, आणि तीही कामाच्या मापाने. ज्या दिवशी घोडा उभा राहणार त्या दिवशी चंदी निम्म्याने कमी करा. आराम करून भरपेट दाणा खाल्लेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला काढला की पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे आखडतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. असं झालं तर घोडा एक पाऊलही न चालवता डॉक्टरला बोलवा.

मीठ विसरू नका. घोड्याचा घाम त्याच्या रक्तापेक्षा खारट असतो. उन्हात काम करताना तासाला दहा-पंधरा लिटर घाम जाऊ शकतो, आणि त्याबरोबर सोडियम, क्लोराईड, पोटॅशियम. त्यामुळे शरीरात पाणी कमी असूनही घोड्याला तहान लागत नाही, कारण रक्तातलं मीठही तितकंच उतरलेलं असतं. रोज मूठभर साधं मीठ चंदीत, आणि लांबच्या कामाच्या दिवशी डॉक्टरला विचारून इलेक्ट्रोलाईट. पाण्याशिवाय इलेक्ट्रोलाईट पाजू नका, उलटं होतं.

५. खोगीर, नाल आणि बाकी सामान

बाजारातलं नक्षीदार खोगीर वरातीसाठी असतं. तुम्हाला हवं ते हलकं, कण्यावर न टेकणारं, दोन्ही बाजूंना समान वजन टाकणारं. तासभर चालवून खोगीर काढा आणि खालचा घाम बघा. मधेच कोरडा डाग दिसला तर तिथे दाब जास्त पडतोय. खोगिराखाली जाड सुती गादी, आणि ती दर वेळी धुतलेली.

नाल पाच-सहा आठवड्यांनी बदला, झिजला नसला तरी. खूर वाढतो आणि नाल पुढे सरकतो. चांगला नालबंद मिळणं हीच आपल्याकडची मोठी अडचण आहे. मिळाला की त्याला धरून ठेवा, त्याच्या वेळेला मान द्या आणि दोन-तीन घोडेवाले मिळून त्याला एकत्र बोलवा.

रोजच्या पेटीत हे असू द्या: हेल्मेट, खरारा आणि ब्रश, खूर साफ करायचा आकडा, मोरखी आणि दोन दोर, स्टेथोस्कोप, डिजिटल थर्मामीटर, घड्याळ, वही, दोन बादल्या, स्पंज, मग, जखमेचं औषध, पट्ट्या. स्टेथोस्कोप शहरातल्या मेडिकल दुकानात मिळतो. या खेळात तोच तुमचा खरा साथीदार.

६. नाडी वाचायला शिका

आधी घोड्याचं नेहमीचं मोजमाप कळलं पाहिजे. उभ्या, शांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, तापमान साधारण ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट. डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावा. १५ सेकंद मोजून चारने गुणा. १५ सेकंदांत १६ ठोके म्हणजे ६४. एक ठोका म्हणजे 'लब' आणि 'डब' दोन्ही मिळून. नवी माणसं दोन्ही वेगळे मोजतात आणि घाबरून जातात.

रोज सकाळी चंदीआधी मोजा आणि वहीत लिहा. एखाद्या सकाळी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त आले तर घोडा काहीतरी सांगतोय: ताप, दुखणं, किंवा कालचं काम जास्त झालं. त्या दिवशी खोगीर घालू नका.

कामानंतर कार्डियाक रिकव्हरी इंडेक्स, म्हणजे हृदय किती सावरलंय याचं माप, काढायला शिका, व्हेट गेटवर डॉक्टर हेच बघतात. नाडी मोजा, घोडा हातात धरून जवळजवळ ४० मीटर पळवत न्या आणि परत आणा, आणि पळवायला सुरुवात केल्यापासून बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजा. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा कमी, तर ठीक. चार-आठ ठोक्यांनी वाढला तर घोडा थकलाय किंवा कुठेतरी दुखतंय.

हिरडी बोटाने दाबून सोडा. दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत आला पाहिजे. पोटाच्या दोन्ही बाजूंना, मागच्या बरगडीमागे कान लावा. गुडगुड ऐकू आली पाहिजे. शांत पोट म्हणजे धोक्याची घंटा.

७. घोडा तयार करणं: नोव्हेंबर ते फेब्रुवारी

खानदेशात कामाचे खरे महिने हेच. ऑक्टोबरचं ऊन संपतं, जमीन वाळते, हवा थंड होते. मार्चनंतर पहाटे उजाडायच्या आधी काम आटपा. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, घोड्याला सावलीत उभा ठेवा. पावसाळ्यात काळी माती खुराला चिकटते, नाल उपटते आणि नस ताणते. त्या दिवसांत मुरमाचा रस्ता किंवा माळ शोधा.

पहिले दोन महिने फक्त चाल. आठवड्यातून चार-पाच दिवस, पाच-आठ किलोमीटर. लोक हसतील, हसू द्या. मग चालीत दुडकीचे छोटे तुकडे. मग आठवड्यातून एक लांब राईड, १५, १८, २२ किलोमीटर अशी हळूहळू वाढवत. एका वेळी एकच गोष्ट वाढवा: अंतर वाढवलं त्या आठवड्यात वेग तोच, वेग वाढवला तेव्हा अंतर तेच. घोड्याचं हृदय आणि स्नायू दोन-तीन महिन्यांत तयार होतात. नस आणि हाडं तयार व्हायला वर्ष लागतं, कधी जास्त. सगळे घोडे याच फटीत मोडतात. दम भरपूर दिसतो, मालक पळवतो, आणि नस तुटते. तुटलेली नस पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

वाटा निवडताना आपल्या मुलखाचे धोके ओळखा. रावेर-यावलकडच्या केळीबागांत बांधालगत ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात, घोड्याचा पाय अडकतो. रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीनची तार अंधारात दिसत नाही, म्हणून पहाटेच्या वाटेवरून आधी दिवसा पायी जाऊन या. कापसावर फवारणी चालू असेल तिथल्या डबक्याचं किंवा टाकीचं पाणी पाजू नका. शहाद्याकडे गळीत हंगामात उसाच्या गाड्या रस्ता भरून टाकतात. त्या दिवसांत डांबरी रस्ता सोडा. सातपुड्यात चढ चढताना घोडा चालीने चढवा, उतारावर उतरून हातात घ्या. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्यं आहेत, तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरू नका. शिवारात शेतमालकाला विचारून जा. एकदा ओळख झाली की तीच माणसं हौदाजवळ थांबवून सांगतात, "भाऊ, घोडाले पानी पाज पयले."

त्यांचं ऐका. तापलेल्या घोड्याला पाणी दाखवायचंही नाही, ही जुनी समजूत चुकीची आहे. वाटेत जिथे पाणी मिळेल तिथे पिऊ द्या, मग दहा मिनिटं चालवा. गरम अंगावर थंड पाणी ओतलं की घोडा आखडतो, हेही खरं नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकआधी उष्ण हवेतल्या घोड्यांवर यासाठी मुद्दाम अभ्यास झाले. सगळ्या अंगावर भरपूर थंड पाणी सतत ओतत राहणं हाच घोडा थंड करायचा सगळ्यात जलद आणि सुरक्षित मार्ग निघाला. ओलं पोतं पाठीवर टाकून ठेवू नका, त्याने उष्णता आत अडकते.

८. कागदपत्रं

राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धेत उतरायचं तर स्वार आणि घोडा दोघांचीही ईएफआयकडे नोंदणी लागते. फॉर्म, फी आणि त्या वर्षीचे नियम त्यांच्या संकेतस्थळावर असतात. ते दर वर्षी बघा, मित्राच्या जुन्या फाइलवर विसंबू नका. साधारणपणे हे तयार ठेवा:

- तुमचं आधार, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, रक्तगट. अठरा वर्षांखाली पालकांचं संमतिपत्र.
- डॉक्टरचं तुमच्या तंदुरुस्तीचं पत्र आणि अपघात विमा.
- घोड्याचा पासपोर्ट किंवा ओळखपत्र: रंग, खुणा, भोवरे यांचं रेखाटन, मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक.
- खरेदीची पावती. सारंगखेड्यात सौदा झाला की बाजार समितीची पावती घ्याच, नुसत्या शब्दावर थांबू नका.
- धनुर्वात आणि इतर लसींची नोंद, पशुवैद्यकाच्या सही-शिक्क्यासह.
- ग्लँडर्सचा निगेटिव्ह अहवाल. किती दिवसांपूर्वीचा चालतो ते आयोजकांना विचारा.
- गाडीतून नेण्यासाठी प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत तो मागितला आहे, आणि राज्याची हद्द ओलांडताना नाक्यावर हमखास विचारतात.

औषधांबाबत एक इशारा. स्पर्धेत लघवी आणि रक्त तपासलं जाऊ शकतं. फेनिलब्युटाझोनसारखी वेदनाशामकं तर बंद आहेतच, पण बाजारात मिळणारी 'ताकदीची पूड', मसाला, काढा यांत काय आहे ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. स्पर्धेच्या आधीचा महिनाभर असलं काहीही देऊ नका.

९. राईडचा दिवस

आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. घोडा प्रवासाने सुकतो, त्याला रात्रभर पाणी आणि गवत मिळू द्या. घरचंच गवत आणि जमलं तर घरचं पाणी सोबत न्या. काही घोडे नव्या पाण्याला तोंड लावत नाहीत. पाण्यात थोडा गूळ घालून प्यायची सवय घरीच लावली तर परक्या गावी उपयोगी पडते.

सोबत दोन माणसं हवीतच. एक पाण्याचा, एक खोगीर-लगामाचा. त्यांच्याकडून गावातच दोनदा सराव करून घ्या: घोडा आला, तंग (खोगिराचा पोटपट्टा) ढिला, खोगीर खाली, पाणी ओतणं, नाडी, मग डॉक्टरकडे. हे सगळं आरडाओरडा न करता. सोबतीची माणसं घाबरली की घोड्याची नाडी चढते.

सुरुवातीला गर्दी सुटते तेव्हा मागे राहा. पहिले दोन किलोमीटर घोडा ओढेल, त्याला शेवटच्या तुकडीत चालवा. तुमचा वेग तासाला १०-१२ किलोमीटर पुरे. नवशिक्यांच्या पात्रता राईडसाठी एफईआयने तासाला १६ किलोमीटरची कमाल मर्यादाच घातली आहे, त्यापुढे गेलात तर पात्रता मिळत नाही. शेवटचे एक-दीड किलोमीटर चालत या, जमलं तर उतरून घोड्यासोबत पायी. रेघ गाठता गाठता नाडी ७० च्या खाली आलेली असेल आणि तुम्ही दोन-तीन मिनिटांत डॉक्टरसमोर असाल. शेवटच्या टप्प्यानंतर नाडी दाखवायची संधी एकदाच मिळते, तेव्हा आपल्या स्टेथोस्कोपवर ६० च्या आत दिसल्याशिवाय घोडा पुढे नेऊ नका. विश्रांतीत घोड्याला गवत, पाणी, सावली. तुम्हीही काहीतरी खा.

वाटेत यापैकी काहीही दिसलं तर उतरा आणि थांबा: घाम अचानक बंद होणं, पोटाच्या बाजूला हृदयाच्या ठोक्यासोबत ठक ठक उडणं, पाणी नाकारणं, अडखळणं, पाय आखडणं, डोळे मंद होणं. आयोजकांचा नंबर फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे असू द्या. स्वतःहून राईड सोडायची सोय प्रत्येक नियमपुस्तकात आहे आणि ती वापरणाऱ्याला या खेळात मान मिळतो.

१०. राईडनंतरचे दिवस

निकाल काहीही लागो, घोडा लगेच गाडीत चढवू नका. किमान चार-सहा तास, जमलं तर रात्रभर तिथेच थांबा. पहिल्या दोन तासांत त्याने खाल्लं, पाणी प्यायला, लघवी आणि लीद केली, हे चारही बघा. लघवीचा रंग बघा. चारही पायांवरून हात फिरवून ऊब शोधा, रात्री परत एकदा, सकाळी परत एकदा. दुखतंय असं वाटलं तर स्वतःहून वेदनाशामक देऊ नका. त्याने पोटदुखीची आणि लंगडीची लक्षणं झाकली जातात आणि प्रवासात घोडा बिघडला तर कळत नाही.

घरी आल्यावर दहा-बारा दिवस खोगीर नाही. मोकळ्या पट्ट्यात सोडा, हातात धरून फिरवा, चंदी कमी ठेवा. सकाळची नाडी रोज वहीत लिहीत राहा. ती राईडच्या आधीच्या आकड्यावर सलग आठवडाभर टिकली आणि चारही पाय थंड असले, की पुन्हा चालीपासून सुरुवात करा. दुसरी ४० किलोमीटरची राईड दीड-दोन महिन्यांनी ठेवा. ६० चा विचार पुढच्या हिवाळ्यात, नालबंदाशी आणि डॉक्टरशी बोलून.